आयटीआय करू की मामांच्या दुकानात जाऊ?

चांदवड तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: "दहावी ६४ टक्क्यांनी पास झालो. मामांचं नाशिकला सिडकोत एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणतात, आयटीआयची दोन वर्षं कशाला घालवतोस, माझ्याकडे ये, सहा महिन्यांत मेकॅनिक करून देतो. वडील म्हणतात आयटीआयच कर. एका खाजगी संस्थेत तीन महिन्यांचा कोर्सही बघून आलोय. काय करू? आणि या कामात पुढे खरंच काही आहे का?"

बाळा, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून सांगतो. आयटीआय कर. मामांकडेही जा, पण आयटीआयऐवजी नाही, आयटीआयच्या जोडीला. तीन महिन्यांचा कोर्स सध्या बाजूला ठेव.

मी २७ वर्षं नाशकात हे काम करतोय. सुरुवात दुकानात झाली, मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्स केला, आणि गेली काही वर्षं निफाड-दिंडोरी पट्ट्यात कोल्ड स्टोरेजची कामं घेतो. हाताखाली बरीच मुलं येऊन गेली. त्यातली टिकली कोण, हे सांगितलं तर तुझा अर्धा प्रश्न सुटेल. जी मुलं गेज लावून, मीटर लावून, आकडा बघून मग बोलायची, ती टिकली. "गॅस कमी वाटतोय, टाकून बघू" म्हणणारी दोन-तीन सीझनमध्ये हटली, कारण गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा दुसऱ्याला फोन करतं.

ही गोष्ट मनात पक्की धर: एसी किंवा फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळला आहे, आणि ती जागा शोधल्याशिवाय वरून गॅस टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पुष्कळदा तर गॅस कमी झालेलाच नसतो.

एक उदाहरण देतो. फेब्रुवारीचा महिना, द्राक्षाचा ऐन हंगाम. पिंपळगावजवळच्या एका प्रीकूलिंगवरून, म्हणजे काढलेला माल लगेच थंड करायच्या ठिकाणाहून, रात्री दीडला फोन आला. खोलीत निर्यातीची द्राक्षं, सकाळी न्हावा शेव्याला जायचा कंटेनर दारात उभा, आणि तापमान ९ अंशांवर अडकलेलं. द्राक्ष काढल्यावर त्याच्या अंगातली उष्णता सहा-आठ तासांत खेचून ४ अंशांच्या आसपास आणावी लागते, मगच ते शून्य अंशाच्या जवळपास साठवता येतं. उशीर झाला की देठ वाळतो आणि माल तिथेच पडतो. संध्याकाळपासून एक मेकॅनिक तिथे होता. सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब, पडलेलं दिसलं म्हणून त्याने दोनदा गॅस टाकला होता.

मी आधी लिक्विड लाइनच्या, म्हणजे द्रवरूप गॅसच्या पाइपच्या, काचेत बॅटरी मारली. बुडबुडे नाहीत, काच स्वच्छ भरलेली, म्हणजे गॅस कमी नाही. मग सक्शनच्या पाइपला हात लावला, तर बर्फ थेट कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत आलेला. गॅस कमी असता तर हा पाइप इथे कोरडा आणि कोमट लागला असता. आतल्या युनिटचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि कारण समोर आलं: कॉइल (थंड होणाऱ्या नळ्यांचं जाळं) दिसतच नव्हती, नुसती बर्फाची पांढरी भिंत. पंखे फिरत होते, पण हवा पलीकडे जायला वाट नव्हती. डीफ्रॉस्ट टायमरची मोटर जळली होती, त्यामुळे बर्फ वितळवणारे हीटर वेळेवर लागतच नव्हते. कॉम्प्रेसर बंद करून पाण्याच्या पाइपने बर्फ उतरवला, त्यालाच दोन तास गेले. चालू केलं तर जास्तीच्या गॅसमुळे हाय प्रेशर कटआउट (दाब वाढला की मशीन बंद करणारा स्विच) तीनदा पडला. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून तो गॅस परत काढून घेतला, टायमर बदलला, तेव्हा कुठे पहाटे खोली ताळ्यावर आली. एका छोट्या टायमरपायी सगळ्यांची रात्र गेली.

त्या मेकॅनिकचा हात वाईट नव्हता. त्याचं ब्रेझिंग, म्हणजे तांब्याच्या पाइपांचं झाळकाम, माझ्यापेक्षा साफ असेल. पण सक्शन प्रेशर मुख्यतः दोन कारणांनी पडतं, गॅस कमी असला तर आणि कॉइलवरून हवा जात नसली तर, आणि दोन्हींतला फरक कसा ओळखायचा हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आयटीआय करायचं ते यासाठी.

तिथे काय मिळतं, तर वेळ मिळतो. दुकानात गिऱ्हाईक घाम पुसत समोर उभं असतं, तिथे मामा तुला सुपरहीट (गॅसची पूर्ण वाफ झाल्यावर ती आणखी किती तापली) म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवू शकत नाहीत. आयटीआयमध्ये हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. नाव नीट लक्षात ठेव: "रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन". जुनी माणसं त्याला "मेकॅनिक रेफ्रिजरेशन" म्हणतात. दहावीला विज्ञान आणि गणित असलेल्याला प्रवेश मिळतो. आधी फिटिंग, पत्राकाम, वीज, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, गॅस वेल्डिंग, मग फ्रिज आणि एसी, आणि पुढे वॉटर कूलर, डीप फ्रीझर, कोल्ड स्टोरेज, सेंट्रल प्लांट. प्रवेशाचा अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. दहावीच्या गुणांवर यादी लागते. त्र्यंबक रोडवरचं सातपूरचं सरकारी आयटीआय तुला माहीत असेलच. पण प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून विकल्प भरताना गाव जवळ आहे एवढंच बघू नकोस, ट्रेड बघ. घाईत दुसराच ट्रेड भरून वर्षभर हळहळणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रमाणपत्राचं मोल मामांना वाटतं त्याहून जास्त आहे. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडची नोटांची प्रेस, रेल्वे, अशा ठिकाणी तंत्रज्ञाच्या जागेसाठी आयटीआय लागतं, नुसता अनुभव चालत नाही. पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वडील हेच डोळ्यांसमोर ठेवून सांगत असतील. त्यांचं बरोबर आहे.

आता मामांची बाजू. तेही चूक नाहीत. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोराला पहिल्या दिवशी फ्लेअर, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून करायची जोडणी, मारायला दिला की दहातले आठ वेळा तो गळतो. हात बसायला दुकानच लागतं.

फ्लेअरचंच घे. स्प्लिट एसीचा पाव इंची आणि अर्धा इंची तांब्याचा पाइप युनिटला जोडायचा, तर पाइपचं तोंड फुलवून नटात बसवावं लागतं. काम पाच मिनिटांचं, पण नव्या एसीतली गळती मला तरी सगळ्यात जास्त इथेच सापडते. कटर हळूहळू आवळत फिरवायचा, एकदम आवळला तर पाइप चेपतो. आतल्या कडेला आलेली बर (कापताना उठलेली धारदार कड) रीमरने काढायची, आणि ती काढताना पाइपचं तोंड जमिनीकडे धरायचं, नाहीतर तांब्याचे कण आत पडतात आणि कॅपिलरीत, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक नळीत, जाऊन बसतात. तोंड फुलवण्याआधी नट पाइपवर चढवलाय ना, हे बघ. हे प्रत्येकजण एकदा तरी विसरतो. फुलवलेली कड सगळीकडून सारखी रुंद हवी, आतून आरशासारखी चकचकीत, कुठे चीर नको. पाठीमागे कॉम्प्रेसर ऑइलचा एक थेंब. नट आधी हाताने पूर्ण बसवायचा, मग दोन पाने लावून घट्ट करायचा: एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने जोर लावला की पाइप पिळतो. पन्नास-साठ फ्लेअर वाया घालवल्यावर हाताला आपोआप कळतं, आणि तुकड्यांवर पन्नास फ्लेअर मारायची मुभा मामाच देतील, परका मालक देणार नाही.

पण दुकानात वाईट सवयीही लागतात. मी ज्यांच्याकडे उमेदवारी केली त्या वस्तादांचा जीव मोठा होता. मला स्वतःच्या डब्यातलं जेवू घालायचे. पण व्हॅक्युम पंप त्यांनी कधी लावला नाही. नवीन पाइप जोडला की युनिटमधलाच थोडा गॅस सोडायचा, "हवा बाहेर गेली" म्हणायचं आणि नट आवळायचा. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात हे खपून जायचं. मीही कित्येक वर्षं तसंच केलं, आणि त्या वर्षांत माझ्या हातचे काही कॉम्प्रेसर लवकर गेले. कारण नंतर समजलं. पाइपमधली हवा गेली तरी भिंतीला चिकटलेला ओलावा जात नाही. पाणी साध्या हवेच्या दाबाला १०० अंशांवर उकळतं, पण दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरपर्यंत उतरवला की ३० अंशांवरच उकळून वाफ होतं. पंप हेच करतो, ओलावा वाफ करून ओढून घेतो. म्हणून आपण ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली जातो, आणि पंप बंद करून काटा तिथेच थांबतो का ते बघतो. वर चढू लागला तर गळती आहे किंवा ओलावा उरलाय. आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसबरोबरचं तेल ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतं आणि ते कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) खातं.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. गळती तपासायला पाइपमध्ये दाब भरायचा तो कोरड्या नायट्रोजनचा, रेग्युलेटर लावून. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी असतो म्हणून तो भरणारे अजून आहेत. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. कोणी सांगितलं, अगदी मामांनी सांगितलं, तरी हे करायचं नाही.

गॅसबद्दल थोडं समजून घे, कारण तुझं सगळं आयुष्य या बदलातून जाणार आहे. आम्ही शिकलो आर-२२ वर. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारत तो २०३० पर्यंत हटवत आणतोय. त्याच्या जागी आर-४१०ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापमान वाढवतो. आता घरगुती एसीत बहुतेक आर-३२ दिसतो, तो त्याच्या साधारण एकतृतीयांश. त्याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि २०३२ पासून असे तापमान वाढवणारे गॅस आपल्याकडे टप्प्याटप्प्याने कमी होणार आहेत. तेव्हा तू ऐन उमेदीत असशील. पुढचे गॅस बहुधा पेट घेणारेच असतील: काही एसींत आर-२९० आत्ताच आहे, म्हणजे प्रोपेन, आणि आजच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. फ्रिजमध्ये तो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम असतो, तो काट्यावर मोजूनच भरायचा, गेजच्या अंदाजाने नाही. आत गॅस असताना वेल्डिंगचा टॉर्च पेटवायचाच नाही. आर-३२ सुद्धा ज्वलनशील वर्गातच येतो, जरी हळू पेटणारा असला तरी. जुन्या सवयीने पाइपच्या तोंडाशी गॅस सोडून हवा काढणं आता नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे.

वीज ही या कामाची दुसरी बाजू, आणि मुलं तिथेच कमी पडतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत गॅसच्या भानगडींपेक्षा कपॅसिटर, रिले, सैल वायर, जळका काँटॅक्टर, कमी व्होल्टेज याच जास्त. ओहममीटर घेऊन कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलवर बसायला शीक. समज, तीन जोड्यांमध्ये २, ३ आणि ५ ओहम आले. ज्या दोघांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आला ते रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेला कॉमन. कॉमनपासून २ दाखवतो तो रनिंग, ३ दाखवतो तो स्टार्टिंग. बेरीज बरोबर जुळली तर वाइंडिंग ठीक, मग बॉडीला शॉर्ट आहे का तेवढं बघायचं. पण हे साध्या कॉम्प्रेसरचं झालं. इन्व्हर्टर एसीत तिन्ही आकडे सारखे येतात, कारण आतली मोटरच वेगळी. ते बघून घाबरलेल्या एका मुलाने चांगला कॉम्प्रेसर भंगारात काढायला सांगितला होता. इन्व्हर्टरच्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर, मेन बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशे व्होल्टच्या वर डीसी उरतो. मीटरने बघितल्याशिवाय हात घालू नकोस. कपॅसिटरही आधी डिस्चार्ज करायचा.

उंचीचं काम. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, इंदिरानगर, सगळीकडे टॉवर झालेत आणि आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर टांगलेली असतात. सेफ्टी बेल्ट घातला म्हणजे झालं असं नाही, तो बांधला कशाला ते महत्त्वाचं. खिडकीच्या ग्रिलला नाही, एसीच्या ब्रॅकेटलाही नाही. त्या ब्रॅकेटचे बोल्ट कोणी, कधी, कसे मारलेत हे आपल्याला माहीत नसतं. तू सोळा वर्षांचा आहेस. अठरा पूर्ण होईपर्यंत तुला कोणी बाल्कनीबाहेर उतरवू नये. मामांनाही हे वडिलांकडून स्पष्ट सांगव.

पुढे काही आहे का, असं विचारलंस. नाशिकसारखं गाव या कामाला क्वचित मिळतं. घरगुती एसीचं काम मार्च ते जून, पावसाळ्यात ओसरतं, आणि थंडीत, निफाडला पारा पाच-सहावर आला की, फोनच वाजत नाही. पण जानेवारीत द्राक्षं सुरू होतात आणि पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, मोहाडीकडची प्रीकूलिंग एप्रिलपर्यंत रात्रंदिवस चालतात. त्याच दिवसांत गंगापूर धरणाच्या बाजूच्या आणि दिंडोरीकडच्या वायनरींत टाक्यांना ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) मिसळलेलं थंड पाणी फिरवणारे चिलर लागतात, कारण रस आंबताना स्वतः उष्णता सोडतो आणि ती काढली नाही तर वाइन बिघडते. सिन्नरकडे दुधाचे बल्क कूलर बारा महिने. औषधांच्या कंपन्या, रुग्णालयं, लसीचे फ्रिज. मोठ्या साठवणुकीत आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तिथे तांब्याचं काही चालत नाही, अमोनिया तांबं खातो, म्हणून सगळा पाइप लोखंडाचा. ती वेगळीच शाळा आहे, पण ती येणारी माणसं फार कमी उरलीत.

म्हणून आयटीआयनंतर लगेच स्वतःची गाडी-शिडी घेऊन निघू नकोस. एक वर्ष कारखान्यात किंवा मोठ्या कोल्ड स्टोरेजच्या ठेकेदाराकडे अप्रेंटिसशिप कर. विद्यावेतन थोडं असतं, पण थ्री फेजची मोटर सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) कशी जळते, प्लांट बंद करून परत चालू करण्याचा क्रम काय असतो, लॉगबुक कसं वाचायचं, हे सिडकोतल्या दुकानात कळणार नाही. कुठे लागायचं हे ठरवताना मालकाला विचार, "तुमच्याकडे नवीन जोडणीनंतर व्हॅक्युम पंप किती वेळ चालतो?" तो हसला तर दुसरं ठिकाण बघ.

तीन महिन्यांचा कोर्स वाईटच असतो असं नाही. ज्याचं वय उलटलंय, संसार आहे, किंवा जो आधीपासून या कामात आहे आणि कागद हवाय, त्याला तो उपयोगी. दहावी झालेल्याने दोन वर्षं वाचवायला तो करू नये.

आता प्रवेशाची यादी लागेपर्यंतचे दिवस. मामांकडे जा, सीझन आहे, त्यांनाही हात हवाच. पण पहिल्या दिवशी एक जाड वही घे आणि प्रत्येक मशीनची एक ओळ लिही: तारीख, कंपनी आणि टन, कोणता गॅस, बाहेरचं तापमान, सक्शन प्रेशर, कॉम्प्रेसरचे अँपिअर, ग्रिलमधून येणाऱ्या हवेचं तापमान, तक्रार काय होती आणि निघालं काय. टन म्हणजे युनिटचं वजन नाही, तासाला १२,००० बीटीयू उष्णता ओढण्याची ताकद, हे पहिल्या पानावर लिहून ठेव. गिऱ्हाईक विचारतंच. दुरुस्तीनंतरचे आकडे त्याच ओळीखाली लाल शाईने. मामा म्हणतील वेळ जातो. त्यांना सांग, दोन मिनिटं. महिन्याभरात तीसेक ओळी होतील, आणि एक दिवस मामाच विचारतील, "त्या गंगापूर रोडच्या दीड टनवाल्याला मागच्या वेळी किती अँपिअर होते रे?"